ओरेस्टचे खिशातले हात

ओरेस्ट पालीचुकचे हात मी वीस वर्षांत फार वेळा पाहिलेले नाहीत. म्हणजे माणूस दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी दहाच्या ठोक्याला माझ्या टेबलापुढे हजर असतो, पण हात पँटच्या खिशात. मी तळघराच्या खोलीची किल्ली पुढे केली की उजवा हात बाहेर येतो, किल्ली घेतो आणि पुन्हा आत जातो. सुरुवातीला मला वाटायचं, याला थंडी वाजते. कॅनडातल्या थंडर बेमध्ये तसं वाटणं साहजिक आहे. पण जुलैतही तेच.

मी इथल्या ग्रंथालयात काम करते. तळघरातली ती खोली महिन्यातून एकदा लिनक्सवाल्यांच्या मंडळाला द्यायची, एवढाच माझा आणि त्यांचा अधिकृत संबंध. लिनक्स म्हणजे संगणक चालवायची अशी व्यवस्था, जी विकत घ्यावी लागत नाही आणि बिघडली तर ज्याची त्यानेच दुरुस्त करायची असते. मला दुसरी अट मान्य नाही, म्हणून मी त्या वाटेला गेले नाही. पण शनिवारी वर काम कमी असतं, खाली कॉफी असते आणि ओरेस्टला चिडवायची संधी असते. त्यामुळे मी मंडळाची सभासद नसूनही बहुतेक सभासदांपेक्षा माझी हजेरी चांगली आहे.

एके काळी बावीस माणसं यायची. आता सहा येतात, त्यातल्या तिघांना नीट ऐकू येत नाही. पण ओरेस्टचा नियम बावीस असतानाही तोच होता आणि आताही तोच आहे: दुसऱ्याच्या कीबोर्डला हात लावायचा नाही. ज्याचं यंत्र त्याने टाइप करायचं, मदत करणाऱ्याने मागे उभं राहून सांगायचं. कितीही वेळ लागो.

"तू दोन मिनिटांत केलं असतंस की रे," मी एकदा म्हटलं होतं. एका म्हाताऱ्या बाईला एक ओळ लिहायला त्याने वीस मिनिटं घेतली होती.

"केलं असतं. आणि पुढच्या महिन्यात ती परत आली असती. आता नाही येणार."

ती खरंच परत आली नाही. कंटाळून आली नाही की शिकून आली नाही, हे मी विचारलं नाही.

हात खिशात ठेवायचे ते या नियमापायी. हात मोकळे असले की शिवशिवतात, असं त्याचं म्हणणं. तरी शिवशिव कुठे लपते? समोरच्याने चुकीचं अक्षर दाबलं की खिशातल्या किल्ल्या वाजायला लागतात. किल्ल्यांचा आवाज जितका मोठा, तितकी चूक मोठी. मंडळातले लोक आवाज ऐकून आपणहून अक्षर खोडतात.

त्या किल्ल्यांमध्ये एक लाल कुलूप आहे. त्याच्यावर कोरलेलं आहे: ओ. पालीचुक. बंदरावर धान्याची जी उंच कोठारं उभी आहेत त्यातल्या एकात तो तीस वर्षं वीजतंत्री होता. धान्याची धूळ पेट घेते, धान्य वाहणारे पट्टे माणसाला ओढून नेतात. त्यामुळे तिथे यंत्रात हात घालण्याआधी खटका बंद करून त्यावर आपलं स्वतःचं कुलूप लावायचं आणि चिठ्ठी टांगायची. नाव, तारीख, कशासाठी. आणि ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. मुकादम असो, साक्षात मालक असो, दुसऱ्याच्या कुलपाला कुणी हात लावायचा नाही. एकदा रविवारी ओरेस्ट कुलूप विसरून घरी जेवायला आला आणि बंदरात जहाज भरायचं थांबलं. मुकादमाचा फोन आला तेव्हा त्याच्या बायकोने, स्टेफाने, नुकत्याच पेरोगी, म्हणजे बटाट्याच्या सारणाच्या उकडलेल्या करंज्या, वाढल्या होत्या. तो गाडी काढून परत गेला, सगळा पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून पाहिला आणि मग कुलूप काढलं. जहाज तीन तास खोळंबलं होतं. मुकादम त्याला काय काय बोलला ते तो अजून मोठ्या अभिमानाने सांगतो.

"आणि पेरोगी?" मी दर वेळी विचारते.

"गार झाल्या. पण माणसं सगळी दहा बोटांनिशी घरी गेली."

कोठार बंद झालं आणि कुणीतरी त्याला जुना संगणक दिला. लिनक्स त्याला आवडलं ते फुकट म्हणून नव्हे. "सगळी वायरिंग उघडी आहे," तो म्हणतो. "भिंतीआड काही नाही. कोणती तार कुठे जाते ते वाचता येतं." आणि कोठारातली सवय त्याने इथेही सोडली नाही. कुणाच्याही यंत्रात कसलीही ओळ घालायला लावली की तिच्या वर एक चिठ्ठी लिहायला लावायचा. संगणक ती वाचत नाही, फक्त माणसाने वाचायची. त्याचं नाव, तारीख, कशासाठी, आणि खाली ठरलेलं वाक्य: मला विचारल्याशिवाय काढू नये.

आता आयलाकडे येते, कारण हकीकत खरी तिची आहे.

आयला रिंटामाकी बहात्तर वर्षांची आहे. जमीनमोजणीच्या कचेरीत एकतीस वर्षं नकाशे काढायची, शाईने, हाताने. निवृत्त झाल्यावर इथल्या स्की क्लबच्या वाटांचा नकाशा तिने अंगावर घेतला. जंगलातल्या चाळीसेक किलोमीटरच्या वाटा, कुठे चढ, कुठे पूल, कुठे ओढा अर्धाच गोठतो. दरवर्षी पडलेल्या झाडांमुळे वाटा थोड्या सरकतात, म्हणून दरवर्षी नवा नकाशा. नोव्हेंबरच्या मध्याला तो छापायला जातो. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत तिचं नाव आणि एक ओळ असते: पुढची आवृत्ती अमुक साली. मी स्की करत नाही, बर्फात चालते, तरी माझ्या फ्रिजवर तिचे अकरा नकाशे आहेत. एकावर एक लावलेले.

चार वर्षांपूर्वी तिच्या डोळ्यांत बिघाड सुरू झाला. समोर बघितलं की मधोमध धूसर डाग, कडेकडेचं मात्र दिसतं. तुमचा चेहरा बघायचा तर ती तुमच्या कानाकडे बघते. पहिल्यांदा मला वाटलं होतं, माझ्या कानात काही अडकलंय.

अशा डोळ्यांनी ती नकाशा काढायची तो लिनक्सच्या एका सोयीवर. दोन बटणं दाबली की अख्खा पडदा फुगत जातो, एक पूल ताटाएवढा दिसतो आणि उंदीर, म्हणजे माउस, हलवला की नकाशा खालून सरकत राहतो. ती डागाच्या बाजूने बघत बघत वाट गिरवते. मात्र सरकणं सलग हवं. अडखळलं की आपण कुठल्या वळणावर होतो तेच हरवतं. जुना लॅपटॉप आता थकला होता, म्हणून ऑगस्टमध्ये तिने नवा घेतला. चांगला तीन हजार डॉलरचा, चित्रांसाठी वेगळी ताकदवान चिप असलेला, पडदा तर आरशासारखा. ओरेस्टने जुन्या यंत्रातलं तिचं सगळं घर, म्हणजे फाइली, सेटिंग, सवयी, जसंच्या तसं नव्यात हलवून दिलं. अर्थात मागे उभं राहून. "एक फाइल हरवली नाही," हे वाक्य त्याने मला त्या दिवशी चार वेळा ऐकवलं.

सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी आयला लॅपटॉप घेऊन आली आणि म्हणाली, "ओरेस्ट, हा चालत नाही, लंगडतो."

पडदा फुगवला की तो टप्प्याटप्प्याने फुगे. उंदीर सरकवला की नकाशा क्षणभर जागीच राही आणि मग एकदम उडी मारून पुढे जाई. खिडकी मिटवली तरी तिची सावली मागे रेंगाळे. आणि पंखा असा ओरडत होता की ऐकू न येणाऱ्या तिघांनीही मान वळवली.

आता ओरेस्टचं एक सांगायला हवं. डेस्कटॉपवरच्या दिखाऊ गोष्टींचा त्याला मनस्वी तिटकारा आहे. खिडक्या डुलणं, पारदर्शक होणं, विरघळत जाणं, सगळी थेरं. कुणी नवीन माणूस आला की आधी ती बंद करायला लावायची, मग नाव विचारायचं.

"इफेक्ट्स आहेत सगळे," तो म्हणाला. "तो चौकोन दिसतोय? त्यावरची खूण काढ. झालं."

आयलाने खूण काढली. पंखा शांत झाला. पडदा फुगवणंही गेलं, कारण तेही त्याच खात्यात मोडत होतं. ती दोन बटणं दाबत राहिली आणि समोर काहीच होईना.

"ओरेस्ट," ती म्हणाली, "तू आत्ता माझा चष्मा काढून घेतलास."

तो ओशाळला. ओरेस्ट ओशाळला की कान लाल होतात, आणि आयलाची नजर नेमकी कानांवरच असते. खूण परत लावली गेली. त्याने तिला एक आज्ञा टाइप करायला लावली, उत्तर वाचलं आणि शिट्टी मारली.

"हे बघ. चित्रं काढायचं काम चित्रांच्या चिपचं. तुझी चिप खुशाल झोपली आहे आणि प्रोसेसर एकटा राबतोय. एवढ्या मोठ्या पडद्यावरचा ठिपका न् ठिपका तो हाताने रंगवतोय. म्हणून पंखा."

"मग चिपला उठव."

"उठवतो. ड्रायव्हरची भानगड आहे. या कंपन्या पैसे घेतात मोटारीचे आणि देतात हातगाडी."

इथवर त्याचं निदान अचूक होतं. चिप झोपली होती, हे खरंच होतं. ती कुणी झोपवली, याचं उत्तर मात्र त्याने विचार न करता देऊन टाकलं.

त्यानंतर दोन महिने जे चाललं ते बघून मला एकदा हसू यायचं, एकदा वाईट वाटायचं. चिपचा ड्रायव्हर, म्हणजे तिला चालवणारा प्रोग्रॅम, काढून पुन्हा घातला. जुना घातला. त्याहून जुना घातला. सिस्टिमचा गाभा बदलला. तो दर मंगळवारी आयलाच्या घरी जायचा आणि तिच्या खुर्चीमागे उभा राहून अक्षरं सांगायचा. ती अडखळणाऱ्या पडद्यावर, डागाच्या बाजूने, एकेक अक्षर शोधून टाइप करायची. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीला त्याने तिच्याकडून एक पत्रही लिहून घेतलं. मी ते वाचलं आहे. त्यात 'बेजबाबदार' हा शब्द तीनदा आहे.

ऑक्टोबरच्या बैठकीला, इथल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या शनिवारी, आयला पांढरीफटक दिसत होती.

"पडद्याकडे दहा मिनिटं बघितलं की मळमळतं," ती मला कॉफी घेताना म्हणाली. "वादळात सुपीरियर सरोवरावर होडीत बसल्यासारखं. अर्धा नकाशा झालाय, लिव्हिया. अर्धा बाकी."

"मग तुझा मुलगा काय म्हणतो?"

"कॅल्गरीतून काय म्हणणार? म्हणतो, दुसऱ्या जातीचा लॅपटॉप घे. दुसरीकडे पडदा फुगतो, पण माझी नकाशाची साधनं नाहीत. या वयात नवी शिकायची, तीही न दिसणाऱ्या डोळ्यांनी." ती थांबली. "क्लबमध्ये एक पोरगी आहे. ती म्हणते, मी फोनवर करून देईन. उपग्रहावरून."

"उपग्रहाला पूल दिसतात का, झाडांखालचे?"

"नाही दिसत. पण उपग्रहाला मळमळत नाही."

मग तिने सांगितलं की नोव्हेंबरच्या बैठकीपर्यंत वाट बघणार. त्यानंतरच्या सोमवारी नकाशा छापायला द्यायचा असतो. तोवर लॅपटॉप सुधारला तर ठीक, नाही तर अर्धा नकाशा त्या मुलीला देऊन टाकायचा आणि पुन्हा हे काम घ्यायचं नाही. ओरेस्टला हे तिने सांगितलं नव्हतं. "त्याला वाईट वाटेल," म्हणाली. मला त्या दोघांचाही राग आला. त्याचा हट्टासाठी, तिचा भिडेसाठी. पण रागावून मी करणार काय? मला ड्रायव्हर म्हटलं की बस आठवते.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी बर्फ पडत होतं. आयला आली ती एका हातात लॅपटॉप आणि दुसऱ्या हातात पर्शियनचा, म्हणजे आमच्या गावच्या गोड पावांचा, खोका घेऊन. गुलाबी आयसिंगवाले, एक डझन. आमच्याकडे असा खोका माणूस आणतो तो नोकरी सोडायच्या दिवशी. मी खोका बघितला, तिच्याकडे बघितलं, आणि काम टाकून खाली गेले.

बाकीचे चौघे कोपऱ्यात आपापल्या यंत्रांत डोकं खुपसून बसले होते. आयला मधल्या टेबलाशी, ओरेस्ट तिच्या मागे. पडद्यावर नकाशा होता. उजवा अर्धा भाग तिच्या नेहमीच्या नाजूक रेघांचा, डावा कोरा. खाली कोपऱ्यात तिचं नाव. नावाखाली दरवर्षीची ती ओळ नव्हती. पुढची आवृत्ती केव्हा, ते तिने लिहिलंच नव्हतं.

"आज आपण गाभ्याची तिसरी आवृत्ती घालू," ओरेस्ट म्हणाला. "हिच्यात नक्की—"

"ओरेस्ट," आयला हळूच म्हणाली, "मला आज बारापर्यंतच बसायचं आहे."

किल्ल्या वाजल्या. आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

"वर कुणी सांगितलं की संगणक चालत नाही, तर मी आधी दुसऱ्याच्या कार्डाने तो उघडून बघते. दुसऱ्याच्या नावाने चालला, तर संगणक चांगला असतो. बिघाड त्या माणसाच्या सामानात असतो."

"लिव्हिया," ओरेस्टने मला समजावणीच्या सुरात म्हटलं, "हे काही तुझं वरचं खेळणं नाही. आयलाचं सामान मी स्वतः हलवलंय. एक फाइल—"

"हरवली नाही. माहीत आहे. पाच वेळा सांगून झालं."

"तिला करू दे," आयला म्हणाली. "गाभ्यापेक्षा लवकर होईल."

किल्ल्या जोरात वाजल्या, पण आयलाने यंत्रात एक नवं खातं उघडलं. नाव दिलं 'पाहुणा'. स्वतःच्या नावाने बाहेर पडली आणि पाहुण्याच्या नावाने आत शिरली. तिथे तिचं काहीच नव्हतं. नकाशा नाही, फाइली नाहीत, फक्त कारखान्यातून आलेलं एक पानाचं चित्र. तिने दोन बटणं दाबली.

पान वाढत गेलं. सलग, एकसारखं, लोण्यातून सुरी जावी तसं. पानावरची शीर रस्त्याएवढी झाली. तिने उंदीर सरकवला, शीर सरकली. जोरात सरकवला, जोरात सरकली. पंख्याचा आवाज नव्हता. खोलीत कशाचाच आवाज नव्हता, आणि मग माझ्या लक्षात आलं की किल्ल्याही थांबल्या आहेत.

"यंत्र ठणठणीत आहे," ओरेस्ट शेवटी म्हणाला. "ड्रायव्हरही ठणठणीत." त्याने घसा साफ केला. "खोट तुझ्या घरात आहे, आयला."

"माझ्या घरातलं सामान कुणी लावलं?"

"मी," तो म्हणाला.

ती परत आपल्या नावाने आत शिरली. आत येताक्षणीच पंखा ओरडायला लागला. ओरेस्टने तिला लपवलेल्या फाइलींची यादी काढायला लावली. तिच्या नावाने आत शिरताना ज्या वाचल्या जातात त्या एकेक करून उघडायच्या आणि मोठ्याने वाचायच्या. तो स्वतः सहज वाचू शकत होता. पण यंत्र तिचं, म्हणून वाचणार ती. पहिल्या फाइलीत काही नाही. दुसरीत काही नाही. तिसरी उघडली, पडदा अडखळत अडखळत फुगला, आणि आयला डोकं एका बाजूला कलवून वाचू लागली.

"ओ... पा... ओ. पालीचुक." ती थांबली. "आठ मार्च दोन हजार चौदा. 'चित्रांची चिप बंद. सगळं काम प्रोसेसरकडे. मला विचारल्याशिवाय काढू नये.'"

कोपऱ्यातल्या चौघांनी डोकी वर काढली. चिठ्ठीच्या खाली एकच ओळ होती, एवढीशी.

ओरेस्टने जवळची खुर्ची ओढली आणि तो बसला. वीस वर्षांत त्या खोलीत मी त्याला पहिल्यांदा बसलेलं बघत होते.

"तुझं पहिलं यंत्र," तो म्हणाला. "ते काळं, जाडजूड. त्याची चिप तापायची आणि पडद्यावर रंगीत पट्टे यायचे. आठवतं? तुझा तेव्हाही नकाशाच अडला होता. मी म्हटलं, चिपला तात्पुरतं कुलूप लावू. दहा मिनिटांत काम झालं."

"आठवतं. मी तुला मिठी मारली होती."

"मग दुसरं यंत्र घेतलंस. मी सगळं घर हलवलं. कुलपासकट. पडदे दोन्हींचे लहान होते, प्रोसेसरला झेपलं. या नव्याच्या पडद्यावर आठपट ठिपके. आता नाही झेपलं."

"अकरा वर्षं," मी म्हटलं. गप्प बसवत नव्हतं. "अकरा वर्षं तुझं कुलूप तिच्या यंत्रात, आणि तू त्या कंपनीला शिव्या घालतोयस?"

"घातल्या," तो म्हणाला.

"पत्रही लिहिलंस."

"मी लिहिलं," आयला म्हणाली. "त्याने सांगितलं."

"दुसरं लिहू. माफीचं." त्याचे कान लालबुंद झाले होते. "कोठारात असतो तर मला हाकलून दिलं असतं, आयला. कुलूप लावून विसरायचं, आणि मग अंधारात दोन महिने दुसऱ्याच्या नावाने ओरडत फिरायचं. तुझा नकाशा..." तो जमिनीकडे बघत राहिला. मी त्याला चिडवायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

आयला मात्र हसली, आणि ते हसणं खऱ्या आनंदाचं होतं. दोन महिन्यांत ती तशी हसली नव्हती. "अरे, मग सापडलं ना! काढायचं की बसायचं रडत?"

"हो, हो." तो उठला, हात खिशात गेले. "ओळीच्या सुरुवातीला जा. चिठ्ठीपासून. आता खोडायचं बटण—"

आयलाने कीबोर्डवरचे हात उचलले आणि मांडीवर ठेवले.

"मी नाही काढणार. माझं कुलूप आहे का ते?"

"आयला, दुसऱ्याच्या कीबोर्डला—"

"कुलूप कुणाचं?"

"माझं."

"मग कुणी काढायचं?" आणि ती खुर्ची सोडून उठली.

ओरेस्टने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. त्याने कोपऱ्यातल्या चौघांकडे बघितलं, तर एक जण म्हणाला, "तूच शिकवलंस बाबा आम्हाला," आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. ओरेस्टच्या दोन्ही नियमांची अशी समोरासमोर गाठ पडेल असं त्या खोलीत कुणाला वाटलं नव्हतं, त्याला तर मुळीच नाही. मग त्याने हात बाहेर काढले, दोन्ही एकदम, आणि आयलाच्या खुर्चीवर बसला.

मोठे हात. जाड बोटं, डाव्या अंगठ्यावर भाजल्याची जुनी खूण. आणि तेव्हा, वीस वर्षांनी, मला एक गोष्ट कळली. ओरेस्टला टाइप करता येत नाही. म्हणजे येतं, पण कसं? उजव्या हाताचं एक बोट हवेत धरून तो अक्षर शोधायचा, सापडलं की नेम धरून दाबायचा, आणि मग वर बघून आलं का ते तपासायचा. डावा हात नुसता शेजारी बसून होता. एक ओळ आणि वरची चिठ्ठी खोडायला त्याने जो वेळ घेतला, तेवढ्यात त्या पहिल्या म्हाताऱ्या बाईने पत्र लिहिलं असतं.

"तरीच," मी म्हणाले. "तरीच हात खिशात."

"गप्प बस, लिव्हिया," तो म्हणाला, पण मिशीत हसत होता.

फाइल बंद करण्याआधी त्याने ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा वाचली. पट्टा चालून बघायचा असतो तसं. मग उठला, खुर्ची आयलाला दिली आणि हात पुन्हा खिशात घातले.

ती बाहेर पडली, आत आली. पंखा बोलला नाही. तिने नकाशा उघडला आणि दोन बटणं दाबली. जंगल तिच्या दिशेने उघडत गेलं. चढ, वळण, ओढा. ती ओढ्याकाठाने निघाली ती न थांबता पुलापर्यंत गेली, पूल ओलांडून डावीकडच्या कोऱ्या भागात शिरली आणि तिथे तिने पहिली रेघ ओढली. नाजूक, एका दमात. डोकं एका बाजूला कललेलं, ओठ मिटलेले. आम्ही सगळे तिच्या मागे उभे होतो. ऐकू न येणाऱ्यांपैकी एकाने खिशातून रुमाल काढला. मी रुमाल नसल्यामुळे बाही वापरली.

बारा वाजले तरी ती उठली नाही. मी वरून खोलीची वेळ वाढवून दिली; कुणाला विचारलं नाही. पर्शियन दुपारी खाल्ले. ओरेस्टने दोन खाल्ले, तेही डाव्या हाताने, कारण उजवा खिशात होता. स्टेफाचा फोन आला की जेवायला येणार आहेस की नाही. तो म्हणाला, गार होऊ दे.

चारच्या सुमारास मी किल्ली न्यायला खाली गेले. आयला अजून काम करत होती. डावीकडचा बराचसा भाग भरला होता, उरलेला उद्या घरी होईल म्हणाली. मग पडदा फुगवत ती खालच्या कोपऱ्यात आली, आपल्या नावाशी.

"ओरेस्ट, पुढच्या नोव्हेंबरचा दुसरा शनिवार कितीला येतो?"

तो तिच्या मागेच उभा होता. त्याला काही ठाऊक नव्हतं, ना अर्धा नकाशा देऊन टाकायच्या बेताचं, ना पर्शियनच्या खोक्यामागच्या कारणाचं. त्याने मनात मोजलं.

"चौदाला. का?"

"काही नाही," ती म्हणाली, आणि नावाखाली दरवर्षीची ती ओळ टाइप करायला लागली. पहिल्याच शब्दात तिचं एक अक्षर चुकलं. खिशातल्या किल्ल्या हळूच वाजल्या. तिने न बघता ते खोडलं आणि ओळ पुरी केली.